आप्पा, त्या चार पानांसाठी

आप्पा,

हे समोर बसून बोलायला गेले तर मला रडू येईल आणि तुम्ही "त्यात काय ताई" म्हणत सायकल काढाल, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहिते.

बाबा गेल्यापासून आई बोलतच नव्हती. चहा दिला की घ्यायची, टीव्ही लावला की बंद करायची. बत्तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलेली बाई, पण साधा पेपर हातात धरत नव्हती. येणारे सगळे तेच सांगायचे, मन घट्ट करा, देवाचं नाव घ्या. मोबाईलवर प्रेरणादायी व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकी एकजणही दहा मिनिटं येऊन बसला नाही. एका वाचनालयात गेले तर म्हणे सभासदाने स्वतः यायला पाहिजे, आईला चालवत नाही म्हटलं तरी समोरच्याने मान वर केली नाही. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी पोरं शिकवली, जिथे २०२४ ला साहित्य संमेलनाचा एवढा मोठा मांडव पडला, तिथे एका म्हाताऱ्या शिक्षिकेला घरी एक पुस्तक मिळू नये, याचा राग अजून गेलेला नाही माझा.

तुमच्याकडे मी बाबांची रद्दी द्यायला आले होते. तुम्ही वजन करता करता थांबलात आणि विचारलं, घरात वाचणारं कोण आहे? एवढंच. दोन दिवसांनी भर उन्हात सायकलवर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घेऊन दारात. मधली चार पानं वाळवीने खाल्लेली, ती तुम्ही कुठून तरी दुसरी प्रत मिळवून हाताने लिहून आणली होती. वहीच्या कागदावर, रेघा आखून, आईचा जाड चष्मा बघून मुद्दाम मोठ्या अक्षरात, आणि कडेला सुईदोऱ्याने शिवून. आईने त्या पानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आहे. कोणाच्या हाताखाली शिकला हा?" किती महिन्यांनी तिचं पूर्ण वाक्य ऐकलं मी, आप्पा. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग रोज संध्याकाळी वाचन सुरू झालं. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं ते सोवळं, घरात येईल ती वस्तू धुवायची, तिथे आई हसली. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मी थांबले तर म्हणते, "मंग काय व्हयनं?" अहिराणी ती बाबांशीच बोलायची. आणि त्या सोवळ्याच्या मुळाशी काय, तर १८५७ च्या बंडात वडिलांच्या सासऱ्यांना झालेली फाशी आणि त्याचा वडिलांनी घेतलेला धसका. एवढ्या दुःखातून ही बाई आपल्याला हसवते, तेही कोणाला कमी न लेखता. नवऱ्यावर, म्हणजे कवी ना. वा. टिळकांवर तर किती माया, किती चिडचिड, दोन्ही एकाच ओळीत! १८९५ ला टिळक ख्रिस्ती झाले, ते वाचताना आई गप्प झाली, तिने पान मिटू दिलं नाही, मला परत पहिल्यापासून वाचायला लावलं. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईने असं पुस्तक लिहिलं, हे तर ती दूधवाल्यालासुद्धा सांगते.

नंतर तुम्ही अत्र्यांचं आत्मचरित्र 'कऱ्हेचे पाणी' दिलंत, कारण आईचं माहेर आसोदे, म्हणजे कवयित्री बहिणाबाईंचंच माहेर, हे तुमच्या लक्षात राहिलं होतं. बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये छापून आली ती अत्र्यांच्या खटपटीमुळे, हे तुम्ही उंबऱ्यात उभं राहून सांगितलंत आणि आई म्हणाली, या ना, बसा. स्वतःहून कोणाला बसा म्हणाली ती! आता अत्रे वाचताना ती मला थांबवून बाबांचे किस्से सांगते, बैलगाडीतून वरात येताना पाऊस आला तो, मला माहीत नसलेले कितीतरी. बाबांचं नाव घेताना ती हसते हे मला बघायला मिळालं, ते तुमच्यामुळे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. माणसाने माणसाकडे जरा नीट बघितलं की काय होतं ते आमच्या घरात येऊन बघावं कोणीही.

आईने कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ दळून आणायला लावलंय. रविवारी भाकरी आणि भरीत आहे, काकूंना घेऊन या. आणि येताना पुढचा भाग आणा, ती रोज विचारते.

तुमची ताई