चाळिशीचा चष्मा घ्यायला आले होते, काका

आदरणीय काका, सा. न.

मागच्या श्रावणात तुमच्या दुकानात एक बाई आल्या, चाळिशीचा चष्मा मागितला आणि तुम्ही दिला नाहीत. त्या बाई म्हणजे मी. गिऱ्हाईक परत पाठवलंत याचे आभार मानायला आज पत्र लिहिते आहे.

तुम्ही विचारलंत, ‘आधीचा नंबर किती होता?’ मी ऐटीत सांगितलं, ‘उणे नऊ. पण पंधरा वर्षांपूर्वी लेझर करून घेतलं, आता शून्य.’ तुम्ही काचांची पेटी बंद केलीत. ‘नंबर गेला, डोळा तोच आहे. डोळ्याच्या आतला पडदा शेवटचा कधी दाखवलात?’

कधीच नाही. लेझर केलं तिथे कुणी बजावल्याचं आठवत नाही. सांगितलंही असेल, चष्मा सुटल्याच्या आनंदात मी कुठली ऐकतेय!

मग तुम्ही समजावलंत ते अजून पाठ आहे. लेझरने पुढची काच, म्हणजे कॉर्निया, तासली. पण मोठा नंबर येतो तो बहुधा बुबुळामागे डोळा लांब वाढल्यामुळे, आणि ती लांबी कमी होत नाही; आतला पडदा मात्र ताणला जातो. ‘कणकेचा गोळा तेवढाच. पोळी मोठी लाटली की पातळ होणार, आणि फाटली तर आधी कडेलाच.’ बिलाच्या मागे लिहून दिलंत: ‘थेंब टाकून, बाहुली मोठी करून, पडदा तपासणे.’ वर म्हणालात, ‘चष्मा काय, पळून नाही जात.’

काका, पोळी कडेला फाटलेलीच होती. साधारण डोळा २३-२४ मिलिमीटर लांब असतो, माझा उजवा साडेसत्तावीस भरला. कडेला पडदा विरलेला (त्याला लॅटिस म्हणतात) आणि त्यात एक बारीक भोक. दुखत नव्हतं, दिसायलाही काही कमी नव्हतं. त्या भोकातून पाणी पडद्यामागे शिरलं असतं तर पडदा सुटला असता. डॉक्टरांनी भोकाभोवती लेझरचं कुंपण घातलं. हिरवे लखलखाट, मध्येच काटा टोचल्यासारखं, आणि वीसेक मिनिटांत मी बाहेर. डोळ्याची मागची भिंतही थोडी फुगलीय, तिला इलाज नाही, नजर ठेवायची.

म्हणून फ्रिजवर चौकटींचा कागद लावलाय. एकेक डोळा झाकून बघते. रेघा वाकड्या दिसल्या तर पडद्याच्या मध्यभागी नवीन रक्तवाहिन्या फुटून पाझरत असू शकतात. लवकर कळलं तर डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर पुष्कळदा वाचते. विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने सावली सरकली, तर त्याच दिवशी दवाखाना. आमच्या ऑफिसात ‘नंबर काढलेले’ तिघं आहेत. तिघांनाही मी तुमची पोळी ऐकवून पिडलंय.

तो चष्मा पुढे तुमच्याकडूनच घेतला. हे पत्रही तोच लावून लिहितेय.

पुढच्या महिन्यात वर्षाची तपासणी आहे. थेंब टाकले की काही तास धड दिसत नाही, गाडी चालवता येत नाही, म्हणून भावाला सोबत नेणार होते. त्याचा नंबर उणे सात. तेव्हा त्यालाही थेंब घालायला लावणार आहे, आणि येताना दोघं रिक्षाने येऊ.

तुमची,
उणे नऊवाली