लेट्यूसचं पाकीट नंतर, आधी घोळाण्याच्या भाज्यांचं बी धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या बागेबद्दल येतं ते मी आवर्जून वाचते, कात्रणं पण काढून ठेवते, पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून लिहितेय. सॅलडच्या भाज्या म्हटलं की लेट्यूस, केल, रॉकेट आणि औषधी झाडं म्हटलं की तुळस नि कोरफड, एवढंच येतं. लेट्यूसशी माझं भांडण नाही, थंडीत आपल्याकडे चांगलं येतं, पण ऊन वाढलं की कडू होतं आणि तुरा काढतं, आणि बी दरवेळी ऑनलाइन मागवायचं. आपल्याकडे कच्चा पाला खायची पद्धत आहेच की. मेथी, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, पाथरी, घोळ, जे हाताशी असेल ते बारीक चिरायचं, कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ आणि वरून कच्चं तेल, झाला घोळाणा. भाकरीबरोबर हा खाल्लेल्या माणसाला सॅलड समजावून सांगावं लागत नाही. मग या भाज्यांचं बी कसं पेरायचं आणि मुख्य म्हणजे कसं धरायचं हे पेपरात का येत नाही?

लोकांना वाटतं आता सगळं बियाणं हायब्रीड, घरी धरून उपयोग नाही. टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. पण पालेभाज्यांचं तसं नाही हो. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक, माठ, अंबाडी, चुका, चाकवत यांची दुकानात मिळणारी बियाणीसुद्धा बहुतेक सरळ वाणांची असतात, म्हणजे एकदा चांगलं बी मिळालं की वर्षानुवर्षं घरचंच वापरता येतं. हे कुणी सांगतच नाही.

आणि बी धरताना आपण नेमकं उलटं करतो. जोमदार झाडं आधी खुडून खातो आणि जे लवकर फुलावर गेलं, कडू झालं, कोपऱ्यात राहिलं त्याचं बी गोळा करतो, असं दोनचार वर्षं केलं की आपणच लवकर तुरा येणारी भाजी निवडलेली असते. पालेभाजीत जे झाड सगळ्यात उशिरा फुलतं आणि तोवर भरपूर पाला देतं तेच बियाण्याला ठेवायचं, त्याला सुतळी बांधून ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा की याला हात लावायचा नाही. एकाच झाडाचं बी घेऊ नका, पाचसात तरी ठेवा. मेथीची शेंग आपली आपण फळते, तिची काळजी नाही, पण पालकाचे पराग वाऱ्यावर जातात आणि शेपू, कोथिंबिरीवर मधमाश्या येतात, म्हणून दोन जातींचा पालक किंवा लाल नि हिरवा माठ शेजारी शेजारी फुलू देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी मिसळ निघते.

पेरण्याबद्दलही थोडं, कारण "उगवलंच नाही" ही तक्रार मी सगळीकडे ऐकते. धन्याचं एक बोंड म्हणजे दोन बिया असतात, हलक्या हाताने रगडून दोन फाकी करून पेरायचे, आणि आठवडा उलटून गेला तरी धीर धरायचा. पालकाचं एक बी म्हणजे बियांचा गुच्छ असतो, एका जागी दोन-तीन कोंब आले तर विरळणी करा. माठ, तांदुळजा, घोळ यांचं बी इतकं बारीक असतं की ते बारीक वाळूत किंवा राखेत मिसळून फेकायचं, खोल पुरायचं नाही, घोळाला तर उगवायला उजेडच लागतो. घोळाची बोंडं पिकली की टोपणासारखं झाकण सुटतं आणि बी सांडून जातं, म्हणून त्याच्या थोडं आधीच झाडं काढून फडक्यावर सुकवायची. हीच घोळ आपण तण म्हणून उपटून फेकतो, तिच्या पानात ओमेगा-३ आहे जे हिरव्या भाज्यांत एवढं क्वचितच सापडतं, फक्त ऑक्झलेट जास्त असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून.

औषधी आणि भाजी अशी वेगळी खाती आपण उगाच केलीत. शेपूची भाजी खातो आणि त्याचंच बी म्हणजे बाळंतशोपा बाळंतिणीला देतो. हळिवाचे लाडू घरोघरी होतात, पण हळिवाचा पाला किती जणांनी खाल्लाय? वाण्याकडचा हळीव पसरट कुंडीत ओल्या मातीवर दाट पसरा, झाकू नका, पाणी फवारूनच द्या कारण बी भिजलं की चिकट होतं आणि धारेने वाहून एका बाजूला गोळा होतं. दोन-तीन दिवसांत कोंब येतात, दहा-बारा दिवसांत कात्रीने कापून घ्या, मोहरीसारखा झणझणीत लागतो, घोळाण्यात तर फारच छान. थंडीत थोडी झाडं वाढू दिली तर चपट्या गोल शेंगा येतात, प्रत्येकीत दोन बिया, आणि पुढच्या वर्षाची बेगमी होते. (एक मात्र लक्षात ठेवा, बियाण्याच्या पाकिटातलं गुलाबी किंवा निळं रंगवलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं, ते असं दाट पेरून कोंब खायला अजिबात वापरू नका, उरलं तरी खाण्यात घेऊ नका.)

सगळ्याच औषधी वनस्पती बियांपासून करायच्या नसतात, अडुळसा, गुळवेल, ब्राह्मी फांदीपासून आणि गवती चहा ठोंबापासून होतो. पण अश्वगंधा बियांपासूनच, आणि तिथे बी ताजं हवं, वर्षाच्या वर जुनं झालं की उगवण फार घसरते. शतावरीचं बी कठीण कवचाचं, भिजवून पेरलं तरी महिनाभर वाट बघायला लावतं आणि लोक त्याआधीच कुंडी उलटी करतात. हा उशीर सोसला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण शतावरी काय, सफेद मुसळी काय, जंगलातून मुळासकट उपटून विकली की ते झाड बी टाकायच्या आधीच संपतं. घरात लावलेलं प्रत्येक झाड तेवढा ओरबाडा कमी करतं. औषध म्हणून घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारूनच घ्या, हे वेगळं सांगायला नको.

साठवण आपल्या आज्यांनी सोडवून ठेवलेली गोष्ट आहे. सावलीत कडकडीत सुकवा, चुलीच्या कोरड्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, वर नाव आणि साल लिहा. बियाण्याला ओल आणि उष्णता दोन्ही मारतात, ओलावा एक टक्क्याने वाढला की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले. त्यांनी बायफ या संस्थेच्या मदतीने गावरान बियांची बँक उभी केली, त्यात वालाच्या किती जाती, रानभाज्या, सगळं. त्यांचं कौतुक करायचं आणि आपल्या खिडकीतली मेथी मात्र बी धरायच्या आत उपटायची, हे मला पटत नाही. कायदाही आडवा येत नाही, २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

तर संपादकसाहेब, तुम्हाला दोन विनंत्या. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात त्याच्या बातम्या तुम्ही छापता, या वेळी तिथे भाजीच्या जुडीशेजारी त्याच भाजीचं बी पण ठेवा असं त्यांना पेपरातून सांगा, लोक जुडी खाऊन मोकळे होतात, बी नेलं तर लावतील. आणि हस्ताच्या सुमाराला, म्हणजे रब्बीच्या पालेभाज्या पेरायच्या वेळी, पुरवणीत एक छोटा चौकोन द्या, "बी देणे-घेणे". सुरुवात माझ्यापासून करा. माझ्याकडे शेपू, हळीव आणि लाल देठाच्या अंबाडीचं बी आहे, चमचा-चमचा द्यायला भरपूर पुरेल. मला चंदनबटव्याचं, म्हणजे त्या नावाच्या पालेभाजीचं बी हवंय, आमच्या बाजारात ते बघायलाही मिळेनासं झालंय.

आपली नियमित वाचक,
कऱ्हाड, जि. सातारा