लेकीच्या रेझ्युमेबद्दल

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

तुझ्या लेकीचा रेझ्युमे वाचला. दोन पानं, त्यातलं जवळजवळ एक पान शाळेचंच! ती सेकंड इयरला आहे, त्यामुळे शाळेचं सरसकट उडवू नका, पण चाळणी लावाच. एकच पान हवं.

फर्स्ट इयरला शाळेचं चालतं, दाखवायला दुसरं असतंच काय? आता दोन-तीन ओळी पुरेत. थर्ड इयर संपून प्लेसमेंट सुरू झाली की ती जागा प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपची. मुलं एक गल्लत करतात, शाळेच्या उपक्रमांबरोबर दहावी-बारावीचे टक्केही काढून टाकतात. ते राहू देत. बऱ्याच आयटी कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्क्यांची अट ठेवतात.

सहावीतलं होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचं मेडल काढा, फार जुनं झालं. इंटरमिजिएट ड्रॉइंगची ग्रेडही काढा. आर्किटेक्चरला असती तर ठेवा म्हणालो असतो. एनसीसीचं शाळेतलं 'ए' सर्टिफिकेट तूर्त असू दे. कॉलेजातलं 'बी' हातात आलं की त्याच ओळीत 'ए'च्या जागी 'बी' लिहायचं.

आणि ढोलपथक! ते तिने शेवटी 'हॉबीज'मध्ये 'ढोल वाजवणे' असं दोन शब्दांत उरकलंय. अरे, तीच तिची सगळ्यात दमदार ओळ आहे. दहावीनंतर सुरू केलं आणि अजून चालू आहे, म्हणजे ते शाळेचं उरलंच नाही. असं लिहा: 'ढोल-ताशा पथक, ठाणे, २०२२ पासून, यंदा २५ नव्या वादकांचा सराव घेतला.' २५ मी नमुन्याला घातलेत, खरा आकडा तिला विचार. काय केलं, किती जणांसाठी, कधीपासून, एवढं आलं की ओळ उभी राहते.

'सहभाग घेतला' एवढंच सांगणाऱ्या ओळी खोडायच्या. खो-खो लिहिलंय, मुलाखतीत समोरच्याने विचारलं, 'कुठल्या गटात, कुठल्या पातळीवर?' आणि ती अडखळली, तर खालच्या प्रोजेक्टवरही त्याचा विश्वास बसत नाही. प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता यायला हवं, आणि सर्टिफिकेट असेल तर मूळ प्रत फाइलमध्ये हवी.

मुलगी गुणी आहे रे, कागदावर ते दिसत नाहीये, म्हणून एवढं लिहिलं. पीडीएफ नको, वर्ड फाइल पाठवायला सांग. रविवारपर्यंत खुणा करून देतो.

तुझा,
मित्र