दर सहा आठवड्यांनी दारात नवा चेहरा

संपादक महोदय,

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. इंटर्नशिपचे १२० तास भरायचे म्हणून गंभीर आजारी माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या एका संस्थेत सहा आठवडे काम केलं. हिशेबाचं काम मिळेल असं वाटलं होतं. मिळाल्या दोन पिशव्या, नऊ पत्ते आणि एक थर्मामीटर.

गरम जेवण ६० अंशांच्या खाली किंवा थंड जेवण ५ अंशांच्या वर फार वेळ राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. आपलं बहुतेक वेळा पोट बिघडण्यावरच निभावेल. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला त्यापायी रुग्णालयात जावं लागू शकतं. म्हणून वाटेत मैत्रीण भेटली तरी थांबायचं नाही. (एकदा थांबले. संस्थेतल्या ताईंनी थर्मामीटर बघितला आणि एक शब्द न बोलता डबा बाजूला ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.) मूत्रपिंडाच्या रुग्णांचे डबे तर अदलाबदल होऊन चालतच नाहीत. डायलिसिसवर असलेल्याला प्रथिनं जास्त लागतात, डायलिसिस सुरू न झालेल्याला बहुतेक वेळा मोजूनमापून द्यावी लागतात.

हे सगळं चार दिवसांत अंगवळणी पडतं. दारात उभं राहायला शिकायला मात्र वेळ लागतो.

माझ्या यादीतल्या एक आजी दार फटीएवढंच उघडायच्या. आजचा डबा आत, कालचा बाहेर, दार बंद. आमच्या वहीत रकाना एकच : 'दिला'. मी रोज बरोबरची खूण करत होते. तिसऱ्या आठवड्यात हाताला जाणवलं, परत येणारा डबा जड आहे. पातळ तेवढं संपलेलं, बाकी सगळं जसंच्या तसं.

"आजी, आवडत नाही का?"

"आवडतं गं. तोंड आलंय. आणि चमचा तोंडात घेतला की लोखंड चाटल्यासारखं होतं. तुम्ही फुकट देता, तक्रार कशी करू?"

आहारतज्ज्ञांना सांगितलं. केमोथेरपीत तोंडाला अशी धातूची चव येणं नेहमीचंच, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून जेवण मऊ, कोमट आणि सोबत प्लास्टिकचा चमचा. डबा हलका झाला, दारही पुरतं उघडू लागलं. तोवर माझे तास भरले. उद्यापासून दुसरी मुलगी येईल म्हटल्यावर आजींनी एवढंच विचारलं, "ती पण सहाच आठवडे?" माझ्याआधी चार जण येऊन गेले होते.

रूथ ब्रिंकर यांनी १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या सात रुग्णांना जेवण द्यायला सुरुवात केली. त्याआधी त्यांच्या एका आजारी मित्राला मित्रमंडळी आळीपाळीने जेवण नेत. कुणाची पाळी चुकली की तो उपाशी राही. आमच्या पाळ्या चुकत नाहीत, डबा वेळेवर जातो. पण डबा देणाऱ्याला आधीचं काही ठाऊक नसतं.

महाविद्यालयांनी एक सोपं गणित करून पाहावं. सहा आठवडे, पाच दिवस, रोज चार तास म्हणजे १२०. आठवड्यातून एकदा तीन तास, चाळीस आठवडे, तेही १२०. आजींकडे आठवड्यात पाच वेगळी मुलं जातील, कबूल. पण मंगळवारची मुलगी वर्षभर मंगळवारचीच राहील. परीक्षांच्या काळात सुट्ट्या द्याव्या लागतील, तेवढं वेळापत्रक जमवता यावं. आणि संस्थांनी वहीत 'काय परत आलं' असा आणखी एक रकाना आखावा. त्याला पट्टी आणि पेन्सिल पुरते.

माझं प्रमाणपत्र आलं आहे. त्यावर 'लाभार्थी : नऊ' असं छापलंय. नव्या मुलीला चमच्याचं मी तोंडी सांगितलंय. तिच्यानंतर येणाऱ्या मुलीला कोण सांगणार?

आपली,
एक विद्यार्थिनी