ताट वेगळं चालेल, पंगत एकच हवी : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी पुण्यात नवी पेठेत घरगुती मेस चालवते. स्पर्धा परीक्षेची मुलं, इंजिनिअरिंगची मुलं, दोन-चार नोकरदार असं माझं गिऱ्हाईक. तक्रार मात्र कॉलेज होस्टेलांच्या सक्तीच्या मेसबद्दल आहे. तिथली काही मुलं वर्षाचे सगळे पैसे तिकडे भरतात आणि जेवणाचा डबा माझ्याकडून नेतात. माझा धंदा होतो हे खरं, पण त्यांच्या आई-बापांनी एकाच जेवणाचे दोनदा पैसे का भरायचे?

सांगलीकडची एक जैन मुलगी आहे. चौविहार पाळते, सूर्य मावळला की तोंडात काही घालत नाही. तिच्या होस्टेलची मेस रात्री साडेसातला उघडते, आणि डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. कांदा-लसूण-बटाट्याचं विचारलं तर उत्तर मिळालं, "दही-भात खा." एक माळकरी मुलगा आहे. शेजारी कोणी मटण खाल्लं तर त्याची काही हरकत नाही, फक्त रश्श्याचा डाव वरणात बुडवू नका एवढंच त्याचं म्हणणं. लातूरचा एकजण रमजानमध्ये सहरीचा डबा रात्रीच घेऊन जातो. होस्टेलचा आठचा नाश्ता आणि दुपारचं जेवण त्या महिन्यात त्याच्या काय कामाचं? पैसे पूर्ण कापलेले असतात.

सगळ्यांत अवघड प्रकरण मात्र देवाधर्माचं नाहीच. माझ्याकडच्या एका मुलीला सिलिॲक आहे. गहू, बार्ली, राय यांतलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना चालत नाही. त्यावर औषध नाही, जन्मभराचं पथ्य एवढाच उपाय. होस्टेलात तिला सांगितलं, पोळी घेऊ नकोस, भात-आमटी घे. आता आमटीला फोडणी हिंगाची. डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसेल. म्हणजे पोळी टाळली तरी गहू पोटात गेलाच. बरं, ज्वारीची भाकरी द्यावी, तर गिरणीत तिच्या आधी कोणाचा तरी गहू दळून झालेला असतो आणि त्याचं पीठ पाळ्यात राहतं. म्हणून मी घरघंटी घेतली, तीत गहू घालत नाही. तिची परात आणि तवा वेगळा. पोळ्या लाटायला घेण्याआधी तिचा डबा भरून झाकण लावते, कारण कणीक उडते. यात मोठं शास्त्र नाही. तिला काय चालत नाही हे कोणीतरी आधी विचारावं लागतं, बस्स.

(शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचं तर आपल्याकडे अवघडच आहे. कूट आपण कशात घालत नाही? उपासाच्या खिचडीतसुद्धा असतंच.)

आणि विचारत कोणीच नाही. प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, रक्तगट, सगळं मागतात. काय खात नाही, का खात नाही, याला फॉर्ममध्ये ओळ नाही. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर ॲलर्जीच्या पदार्थांची माहिती देणं अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. एका कॉलेजात मेस चालवणारा साधा कंत्राटदार त्यात बसतच नाही.

मला यातला हिशेब कळतो, तो सांगते. पेठांतल्या मेसमध्ये खाडा असतो. मूल गावी गेलं, आजारी पडलं, त्याने आधी कळवलं की तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक जेवायला यावं ही माझी गरज असते. सक्तीच्या मेसमध्ये डोईमागे पैसे आगाऊ जमा होतात आणि बऱ्याच ठिकाणी खाडा धरतच नाहीत. म्हणजे पैसे भरून न जेवणारं पोर हेच कंत्राटदाराचं सगळ्यांत फायद्याचं गिऱ्हाईक! त्यात कंत्राट गेलेलं असतं सर्वांत कमी दराच्या टेंडरला. तो बिचारा ज्वारी वेगळी कशाला दळेल? मीही दळली नसती.

यावर दोन उत्तरं लगेच सुचवली जातील आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं, मुलांच्या हातात पैसेच द्या. सरकारच्या स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध विद्यार्थ्याला भोजनासाठी वर्षाला ३२,००० रुपये धरलेले आहेत, आणि ज्याला होस्टेलच मिळालं नाही त्याला त्याचा आधार आहे. पण आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून खात्यात पैसे टाकायचं ठरलं, तेव्हा २०१८ च्या जुलैत तीच मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्यांना मेस हवी होती.

दुसरं उत्तर म्हणजे वेगळी टेबलं. मुंबईच्या आयआयटीत २०२३ मध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबलं राखून ठेवली, त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. आपल्या पुणे विद्यापीठातही २०१७ साली एका सुवर्णपदकाला शाकाहारी असण्याची अट होती, गदारोळ झाल्यावर ते पदक थांबवावं लागलं. आपल्याकडे कोण काय खातो यावरून कोणी कुठे बसायचं हे फार चटकन ठरतं. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले आणि आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना तिथून काढलं. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी स्वतःचं बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्यामुळे जैन मुलीला बिनकांद्याची भाजी जरूर द्या, पण तिने ती मैत्रिणीच्या अंड्याच्या ताटाशेजारी बसून खावी. माझ्याकडे सगळे एकाच लांब टेबलावर बसतात. भांडणं होतात ती पंख्यावरून.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आहाराची एक ओळ घाला. आजाराचं पथ्य असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी मागा, श्रद्धेसाठी मात्र मुलाचा शब्द पुरे, तिथे पुन्हा दाखले नकोत. रमजान, पर्युषण, आजारपण यांचा खाडा सक्तीच्या मेसला बंधनकारक करा. ज्याचं पथ्य मेसला जमणारच नाही, त्याला फी परत देऊन सक्तीतून मोकळं करा. आणि हे सगळं टेंडरच्या अटींतच लिहा. नुसतं परिपत्रक काढलंत तर कंत्राटदार म्हणेल, "या दरात परवडत नाही," आणि ते खोटं नसेल. दर थोडा वाढेल, तो वाढू द्या.

नव्या वर्षाची टेंडरं मुलं यायच्या आधीच निघतात. जुलैत आदेश आला तर आणखी एक वर्ष गेलं, तेव्हा मार्चपर्यंत काढावा ही विनंती.

कळावे,
आपली,
नवी पेठेतली एक मेसवाली काकू