मावशी, "काय पटलं नाही?" असं विचारल्याबद्दल थँक्यू

सप्रेम सलाम मावशी,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "प्रभूला म्हण" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. प्रभूला म्हणून झालंय, आता तुमचा नंबर.

आपल्या नगरकडच्या ख्रिस्ती घरात बायबल नाही असं कधी होत नाही. आमच्याकडेही होतं, टीव्हीच्या वरच्या फळीवर, प्लास्टिकचं कव्हर घालून, बाप्तिस्म्याचे दाखले आणि लाईट बिलं सगळं त्याच्यातच. रोज वाचा रोज वाचा हे लहानपणापासून ऐकलं, पण वाचताना डोक्यात जे प्रश्न येतात त्यांचं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. दर जानेवारीला एक तक्ता हातात यायचा, अख्खं बायबल एका वर्षात, ११८९ अध्याय म्हणजे रोजचे तीन-चार, वाचलं की टिक मारा. पहिलं पुस्तक उत्पत्ति मजेत जायचं, निर्गमात मंडपाचे पडदे नि खांब मोजता मोजता दम लागायचा आणि लेवीय आलं की गाडी बंद. मग वर्षअखेरीला सगळ्यांसमोर, "कोणी कोणी पूर्ण केलं, हात वर करा." हात वर करणाऱ्यांतले अर्धे तरी नुसत्या टिका मारलेले होते हे मला पक्कं माहितीये, पण जाऊ दे.

दादा गेला तेव्हा तर कहर झाला. कबरस्तानातून घरी आलो तर जो येतो तो रोमकरांस पत्र ८:२८ आमच्या हातात ठेवून चहा पिऊन जातोय, सगळं मिळून कल्याणासाठीच असतं म्हणे. आई समोर बसलेली, तिचा मुलगा गेलाय, जरा तरी बघा. एकांनी तर दादाचं वाचन-प्रार्थना नियमित नव्हती ना असंही हळूच विचारून घेतलं. नाव घेत नाही, ते वाचतील तर त्यांना कळेलच.

तुम्ही त्या दिवशी एकही वचन सांगितलं नाहीत, भांडी घासलीत. आणि नंतर कधीतरी म्हणालात, बायबलातलं मार्क घे, येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं आहे, १६च अध्याय, रोज एक वाच, वहीबिही काही नको. मी हो म्हटलं, खरं तर तुम्हाला नाही म्हणता येत नाही म्हणून. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर तुम्ही माझ्या स्कूटरपाशी आलात, मला वाटलं झालं, आता विचारणार वाचलं का. आणि तुम्ही विचारलंत, "काय पटलं नाही गं?"

मावशी, एवढंच. ह्याच्यासाठी हे पत्र आहे.

मी म्हटलं ते अंजिराचं झाड. अकराव्या अध्यायात, येशूला भूक लागली, झाडावर फळ नाही म्हणून त्याने त्याला शाप दिला, आणि तिथेच लिहिलंय की अंजिरांचा हंगाम नव्हता, मग झाडाची काय चूक? मला वाटलं आता तुम्ही समजावणार. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मलाही अजून नीट नाही कळलेलं, पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी आण."

आता न पटणारं शोधून आणायचं म्हणजे नीट वाचावं लागतं हो. टिक मारून भागत नाही. मी शास्ते ह्या पुस्तकातली इफ्ताहाची मुलगी आणली, बापाने नवस केला आणि जीव मुलीचा गेला, त्यावर आपण दोघी किती वेळ उन्हात उभ्या होतो. १३७ वं स्तोत्र आणलं, शेवटच्या ओळीत लेकरांना खडकावर आपटायचं आहे ते, तेव्हा तुम्ही म्हणालात की हे मलाही वाचवत नाही, पण बघ, एवढा राग घेऊनसुद्धा माणूस देवापाशीच आलाय. मग ८८ वं वाचायला सांगितलंत, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठे हालेलूया नाही की काही नाही. दादा गेल्यापासून मी प्रार्थना केली नव्हती. त्या रात्री केली, म्हणजे भांडलेच.

आणि अधूनमधून तुमचा टोमणा असतोच, पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी केलं, १९२२ ला जाईपर्यंत त्याच कामात होत्या, साध्या बायकांना कळावं म्हणून, आणि तुम्हाला मोबाईलवर उघडायचा कंटाळा. मान्य आहे.

मंडळीत माईक हातात असलेली माणसं खूप आहेत. पण आजारी माणसाकडे डबा नेणारी, कुणाचं तरी बोलणं मधे न तोडता ऐकणारी, आपल्याला माहीत नाही तर नाही म्हणणारी, अशी तुमच्यासारखी चारदोन असतात म्हणून बाकीचे टिकतात असं मला वाटतं. त्यांचा सत्कारबित्कार कधी होत नाही, शालीही माईकवाल्यांनाच.

असो. सध्या ईयोब संपत आलंय, ज्याची मुलंबाळं, गुरंढोरं सगळं जातं त्या माणसाचं पुस्तक. शेवटी देव त्याला सगळं दुप्पट देतो, ७ हजार मेंढरांची १४ हजार, ३ हजार उंटांचे ६ हजार, आणि मुलं परत दहा. पण मेंढरं दुप्पट आणि मुलं पहिल्याइतकीच, आणि ती आधीची दहा, त्यांचं काय? नवीन दहा आली म्हणून ती भरून निघाली का? आईला दुसरा दादा आणून दिला तर तिला चालेल का? मला हे अजिबात पटलेलं नाही मावशी. रविवारी लवकर पळू नका, मला बोलायचंय.

तुमची,
स्कूटरवाली