जिवंतांचा देव : मित्रास पत्र

मिरज, जि. सांगली

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझ्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, दफनविधीनंतर काकूंना घेऊन तू साताऱ्याला परत गेलास, तेव्हापासून तुझ्या पत्राची वाट पाहत होतो. ते मिळाले, आणि त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडलो. "देव विश्वासू आहे असे बाबा जन्मभर सांगत आले, आणि त्यांच्याच बाबतीत देवाने आपला शब्द पाळला नाही," असे तू लिहिले आहेस. पुढे तू विचारतोस की पुनरुत्थानाची आशा ही मागे राहिलेल्यांची समजूत घालण्यापुरती सांगायची गोष्ट आहे, की खरोखर घडलेल्या घटनेवर ती उभी आहे. हे प्रश्न तू वेगवेगळे मांडले आहेस. मला ते एकाच मुळातून आलेले वाटतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

आधी तुझ्या दुःखाविषयी. विश्वासणाऱ्याने एवढे रडू नये, असे कबरस्थानात तुला कुणीतरी ऐकवले. ते बोलणे मनातून काढून टाक. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. आशा नसलेल्या इतरांसारखा खेद करू नका, असे पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे. खेदच करू नका, असे त्याने कुठेही लिहिलेले नाही.

काकांचे पवित्र शास्त्र आता तुझ्याकडे आहे. त्यातला विलापगीताचा तिसरा अध्याय उघडून बघ. आजारपणात मी त्यांना वाचून दाखवायला बसत असे, तेव्हा ते पान माझ्या पाहण्यात आले. परमेश्वराच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते, या वचनांशेजारी समासात पेन्सिलीने "2005, पूर" असे लिहिले आहे आणि त्याखाली "2019, पूर". मास्तर असलेल्या काकांचे वळणदार अक्षर, काना-मात्रा सगळे जागच्या जागी, आणि खालच्या नोंदीजवळचा कागद ओल धरून फुगलेला. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, आणि तुमच्या सांगलीच्या घरात कपाटाचा वरचा कप्पा तेवढा कोरडा राहिला होता, हे तुला सांगायला नको. तिसरी नोंद तिथे नाही. अर्धांगवायूनंतर काकांना उजव्या हातात पेन्सिल धरवत नव्हती.

हे वचन कोणत्या स्थितीत लिहिले गेले, तेही पाहा. इ. स. पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, आणि लेकरे भुकेने आईच्या मांडीवर प्राण सोडत होती. या आकांताला कवीने इब्री वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमात बांधले आहे. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचने, अशी 66 वचने येतात. करुणेची ती वचने साधारण पुस्तकाच्या मध्यावर आहेत. त्यांच्या अलीकडेही तक्रार आहे आणि पलीकडेही. पुस्तकाच्या शेवटी तर देवाने आपल्याला अगदी टाकून दिले की काय, अशी भीती उघड बोलून दाखवली आहे. शास्त्राने ती खोडली नाही, मऊ केली नाही. तेव्हा तुझे ते वाक्य वाचून देव तुझ्यावर रागावला असेल, असे मला मुळीच वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुनरुत्थान मानत नसलेले सदूकी पंथाचे यहुदी येशूकडे वाद घालायला आले, तो प्रसंग मार्काच्या बाराव्या अध्यायात आहे. उत्तर देताना येशूने मोशेच्या जळत्या झुडपाचा दाखला दिला. "मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव व याकोबाचा देव आहे," असे परमेश्वर तिथे मोशेला सांगतो. त्या वेळी अब्राहामाला मरून शेकडो वर्षे झाली होती. येशू म्हणतो, तो मृतांचा देव नव्हे, तर जिवंतांचा देव आहे. या उत्तराने लहानपणी माझे समाधान होत नसे. हा केवळ वादातला पेच वाटे. आज मला शास्त्रातली पुनरुत्थानाची सर्वांत खोल शिकवण हीच वाटते.

अब्राहामाला देवाने सगळा देश देण्याचे वचन दिले होते. त्याच्या हाती त्यातले काय आले? बायको वारली तेव्हा तिला पुरण्यासाठी त्याने एफ्रोन हित्तीला 400 शेकेल रुपे मोजून दिले आणि मकपेलाचे शेत व त्यातली गुहा विकत घेतली. वचनदत्त देशात त्याच्या मालकीची जमीन म्हणजे हे कबरस्थान, आणि पुढे तोही तिथेच पुरला गेला. मरणाने सगळे संपत असेल, तर देवाने अब्राहामाला फसवले असेच म्हणावे लागेल. आणि तरीही परमेश्वर इतक्या काळानंतर त्याचे नाव घेऊन, वर्तमानकाळात, त्याचा देव म्हणून स्वतःची ओळख करून देतो. ज्याचा तो देव आहे, त्याला तो मातीत ठेवून पुढे जाऊ शकत नाही. त्याचा विश्वासूपणा कबरेच्या तोंडाशी थांबणारा असता, तर तो विश्वासूपणाच ठरला नसता. म्हणून मित्रा, देवाने काकांना दिलेला शब्द मोडला, हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. तो शब्द अजून पुरा व्हायचा आहे, आणि तो पुरा करण्याच्या आड मृत्यू येऊ शकत नाही.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात असे पुष्कळ जण भेटतात, की ज्यांनी अभिवचनाची फळे दुरून पाहिली आणि विश्वासात प्राण सोडले. तू राहतोस त्या साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारला आणि 1919 च्या मे महिन्यात ते वारले. हाती घेतलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे पुरे केले. देवाचा हिशेब आपल्या आयुष्याच्या वहीत बसत नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटते.

पण एवढ्यावर थांबलो, तर ही फक्त एक उदात्त अपेक्षा ठरेल. तू विचारले आहेस ते घटनेविषयी. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे स्त्रिया येशूच्या कबरेकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या हातात सुगंधी द्रव्ये होती. प्रेताला लावण्याची तयारी करून त्या निघाल्या होत्या, आणि कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटील ही त्यांना काळजी होती. येशू उठेल असे त्या पहाटे कुणाच्याही मनात नव्हते. त्यांनी येऊन सांगितले, तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली, असे लूकाने स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्या काळी यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. कथा रचायचीच असती, तर पहिले साक्षीदार म्हणून कुणी स्त्रियांना उभे केले नसते, आणि मंडळीच्या पुढाऱ्यांना इतके मंदमतीही दाखवले नसते.

त्यात पौलाची साक्ष जोड. करिंथकरांस पहिले पत्र साधारण इ. स. 55 च्या सुमाराचे. म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी लिहिलेले. आपल्याला जे सांगण्यात आले तेच आपण पुढे सांगत आहोत, असे म्हणून पौल नावे घेतो. केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेंहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब. हा याकोब प्रभूचा भाऊ. प्रभूच्या हयातीत त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असे योहान सांगतो. आणि शेवटी पौल स्वतः, मंडळीचा छळ करणारा. हयात माणसांकडे बोट दाखवणारा लेखक वाचकाला एका अर्थी सांगत असतो की जा आणि विचारून ये. त्याच अध्यायात तो असेही म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वास निष्फळ, आणि सर्व माणसांत आम्ही लाचार. समजूत घालणारा माणूस असे बोलत नाही.

लाजराचे उठणे आणि प्रभूचे उठणे यांत फरक आहे, तोही लक्षात घे. लाजर बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते आणि ते दुसऱ्यांनी सोडावे लागले, कारण त्याला पुढे कधीतरी पुन्हा मरायचेच होते. येशूच्या कबरेत तागाची वस्त्रे मागे पडली होती, आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. आमच्या मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली मिशनचे इस्पितळ उभे केले. तिथून किती माणसे मरणाच्या दारातून घरी परतली असतील! ती सारी देवाची कृपा होती, आणि तरी त्यांतल्या प्रत्येकाला पुढे मरण आलेच. काकांसाठी आपण जी प्रार्थना केली, ती लाजरासारख्या परत येण्यासाठी होती. देवाने त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे ते त्याहून मोठे आहे. आज हे ऐकून तुला काकांची खुर्ची भरल्यासारखे वाटणार नाही, हे मला कळते. तरी ते खरे आहे म्हणून लिहितो.

आपल्या मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, आपण शरीराचे पुनरुत्थान म्हणतो, आणि ते शब्द मला फार मोलाचे वाटतात. आत्मा टिकतो हे अथेन्सच्या पुष्कळ विद्वानांना मान्य होते; पौल मेलेल्यांच्या उठण्याविषयी बोलू लागला, तेव्हा त्यांच्यातले काही जण थट्टा करू लागले. मातीत गेलेल्या शरीराचे देवाला काय, असा तो प्रश्न. पौल त्याला बियाण्याचा दृष्टांत देतो, आणि सांगलीच्या माणसाला तो हळदीवरून लवकर कळावा. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला जेठा गड्डा बेणे म्हणून मातीत जातो, तेव्हा त्या मळकट गड्ड्याकडे पाहून रुंद हिरव्या पानांनी भरलेल्या शेताची कल्पना करता येत नाही. पण उगवते ती हळदच, तिच्या जागी ज्वारी उगवत नाही. उठतील ते काकाच असतील, त्यांच्या जागी दुसरे कुणी तेजस्वी अनोळखी माणूस असणार नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या आणि थोमाने त्यांवरूनच त्याला ओळखले. ज्या उजव्या हाताने काकांनी पिढ्यान् पिढ्यांच्या पोरांना अक्षरे गिरवायला शिकवले आणि जो शेवटी चादरीवर निपचित पडून असे, तो देवाच्या लेखी टाकाऊ नाही. आपल्या हीन शरीराचे रूपांतर करून ते प्रभू स्वतःच्या गौरवी शरीरासारखे करील, असे पौल फिलिप्पैकरांना लिहितो. मी हे त्या हाताविषयी अक्षरशः मानतो.

तू शेवटी लिहिले आहेस की महिनाभर प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत आणि विश्वास उरला आहे की नाही हेच कळत नाही. उत्पत्तीचा पंधरावा अध्याय वाच. करार करणारे दोघेही पशूंच्या दुभागलेल्या तुकड्यांमधून चालत जात, अशी तेव्हाची रीत होती. अब्राहामाने तुकडे मांडले, पण सूर्य मावळता मावळता त्याला गाढ झोप लागली, आणि त्या तुकड्यांमधून गेली ती फक्त धुमसती भट्टी आणि जळती मशाल. करार देवाने एकट्याने अंगावर घेतला. अब्राहाम झोपलेला होता. तीमथ्याला पौल लिहितो की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. पेत्राने तीनदा नाकारले, तरी उठलेल्या प्रभूने समुद्रकाठी कोळशाचा विस्तव करून त्याला मासळी आणि भाकर खायला बोलावले, आणि बोलणे काढले ते न्याहारी झाल्यावर. तुला शब्द फुटत नसतील, तर मंडळी तुझ्या वतीने प्रार्थना करीत आहे. तू नुसता येऊन बस.

कबरेवरच्या दगडासाठी वचन सुचव, असे तू म्हणाला होतास. पुष्कळ दगडांवर शांतीचे शब्द असतात आणि ते चांगलेच आहेत, पण मला योहानाच्या चौदाव्या अध्यायातले वचन सुचवावेसे वाटते: "मी जिवंत आहे म्हणून तुम्हीही जिवंत राहाल." हे शब्द प्रभूने धरले जाण्याच्या रात्री, स्वतःचे मरण समोर दिसत असताना उच्चारले, आणि तिसऱ्या दिवशी त्यातला स्वतःविषयीचा भाग पाळून दाखवला. उरलेला भाग काकांविषयी आहे.

पुनरुत्थानाच्या सणाला मंडळी पहाटे कबरस्थानात जाते. आदल्या दिवशी आम्ही तरुण मुलांना घेऊन कबरींना चुना लावतो, काकांच्या कबरेचेही मी पाहीन. तू आणि काकू शनिवारीच इकडे या, म्हणजे पहाटेची धावपळ होणार नाही. तोवर काकूंना पहिले करिंथचा पंधरावा अध्याय रोज थोडा थोडा वाचून दाखव. त्यांचे डोळे आता बारीक अक्षराला साथ देत नाहीत. दगडावरच्या मजकुराबद्दल बहिणीला विचारून लवकर कळव, कारण कोरणारा सणाआधी कामात बुडालेला असतो.

काकूंना माझा सलाम सांग.

तुझा मित्र